बांधावरची तणतण

४ फेब्रुवारी

काका,

वाकून नमस्कार. तशी मी दिवसभर वाकलेलीच असते, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही आपल्या मनानं भरता. मागे मी ‘बढती’ म्हणाले आणि तुम्ही गावभर माझी ‘बदली’ सांगून आलात. म्हणून पत्र.

तुमच्या आणि बाबांच्या शेतांमधला बांध मोडायचा संमतीचा कागद मिळाला. सही करत नाहीये. रागवा, पण पुढचं वाचून रागवा.

बाबांच्या माघारी ते शेत माझ्या नावावर झालं, तरी कसताय तुम्हीच, आणि गहू कसा पिकवायचा हे मी तुम्हाला शिकवणार नाही. पण बांधाचं माझं ऐका. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते एवढंच तुम्हाला माहीत आहे. शिकवून उरलेल्या वेळात काय करते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही, कारण तुम्हाला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी तणं मोजते. एक लोखंडी चौकट आहे, ती जमिनीवर टाकायची आणि आत काय काय उगवलंय ते लिहायचं. कधी उभ्या गव्हात, कधी कालव्याच्या काठाला, पडीक रानात, रस्त्याकडेला, बांधावर. जागा बदलली की तणांची बिरादरी बदलते. कालव्याकाठचं तण गव्हात पाऊल टाकत नाही आणि गव्हातलं रस्त्यावर तग धरत नाही.

आपल्या खोऱ्यात माणूस हजारो वर्षं पेरतोय. नदीजवळच्या टेकाडात खोदकाम झालं तेव्हा जळके गव्हाचे दाणे निघाले, आणि त्यांच्यात मिसळलेलं तणाचं बीसुद्धा. म्हणजे पहिला गहू ज्यानं पेरला, त्यानंच पहिल्यांदा तणाच्या नावानं बोटं मोडली असणार. आता तणनाशक मारून मारून शेतात चार-दोन चिवट जाती उरल्यात. बाकीच्या सगळ्या बांधांवर आसऱ्याला गेल्या, आणि खोऱ्यातले बांध एकेक करून सपाट होतायत. आपल्या बाजूला एवढा जुना, एवढा रुंद बांध आता हा एकच आहे.

मार्चमध्ये आमच्या विभागप्रमुख बाईंना घेऊन येते. त्यांना पटलं तर बांधांचा वेगळा अभ्यास मंजूर होईल, नाही पटलं तर मला दुसरा विषय घ्यायला सांगतील. मला दुसरा विषय नकोय. तोवर एकच करा, बांध नीट ठेवा.

काकूला सांगा, मी जेवते वेळेवर.

तुमची कुसळी


१३ फेब्रुवारी

कुसळे,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडता घेऊन देतोय.

अगं, अख्ख्या खोऱ्यात तुला तण बघायला माझंच शेत सापडलं? लोक माझ्या शेताला आरसा म्हणतात. कुणाच्या घरी जावई शेती बघायला आला तर त्याला माझ्या शेताच्या कडेनं फिरवून आणतात, आणि माझी पुतणी शहरातून बाई घेऊन येणार, तेही तण दाखवायला! वाचून मी एवढा तणतणलो की तुझ्या काकूनं दाराला आतून कडी लावली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग स्वतःच एवढ्यानं हसली की शेजारीण विचारायला आली.

बांध मोडायचाच आहे. कापणीचं मोठं यंत्र मधल्या बांधामुळे वळत नाही. यंत्रवाल्याशी बोलणं झालंय, गहू निघाला की तो येईल. तू सही पाठव, उगाच शिंग उगारू नकोस. लहानपणी तुझं नाव कुसळी ठेवलं ते मोज्याला चिकटणाऱ्या कुसळावरून, एकदा धरलंस की सोडत नाहीस म्हणून. आता वय झालं तुझं, जरा सोडायला शीक.

पण तुझ्या बाई येणार म्हणतेस, तर घराची अब्रू आहे. बांध नीट ठेव म्हणालीस, ठेवतो. मोडायचा असला तरी जाताना माणसासारखा जाऊ दे. तुझ्या बाई बघत राहतील.

तुझा काका

ता. क. मी काकू लिहितेय. दोन दिवस हे आरशासमोर उभे राहून ‘माझ्या शेतात तण नाही’ असं म्हणून बघतायत. तू ये गं.


१९ मार्च

काका,

बाईंसमोर मी हसले. गाडीत बसेपर्यंत हसले. वळणावर गाडी आली आणि मग मला रडू फुटलं, आणि बाईंनी आपला रुमाल पुढे केला.

‘नीट ठेवा’ म्हणजे आहे तसा ठेवा! न्हाव्याला बोलावून त्याचा चकोट करा असं नव्हे! माणसं लावून तुम्ही तो बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत खुरपून काढलात, उपटलेलं सगळं जाळलंत, कडेचे दगड ओळीत लावलेत, आणि कळस म्हणजे त्या दगडांना चुना फासलात. बाई एवढंच म्हणाल्या, “छान आहे. पण इथे मोजायचं काय, दगड?” आणि तुम्ही छाती फुगवून त्यांना म्हणालात, “एक काडी दिसली तर सांगा.”

एक काडी दिसली नाही, काका.

चूक माझीही आहे. ज्या माणसानं आयुष्यभर शेत नीट ठेवलं त्याला मी ‘नीट’ हा शब्द लिहायलाच नको होता. दुसरा कुठलाही काका असता तर एवढा कामसू निघाला नसता. माझ्याच नशिबी हा आला.

पण मी हरले असं समजू नका. तुम्ही बाईंना गिरणी दाखवायला घेऊन गेलात तेव्हा मी काकूच्या परसातलं खुरपं घेऊन बांधावरची माती काढली. वरचं तुम्ही जाळलंत, पण बी मातीत असतं, वर्षानुवर्षं पडून असतं, आणि ऊन-पाणी मिळालं की उठतं. थोडी माती तुमच्या शेतातली घेतली, थोडी कालव्याच्या काठची. पत्र्याच्या तीन ट्रेमध्ये भरून मागच्या ओसरीवर ठेवलीय, प्रत्येकावर खडूनं लिहिलंय. आमच्या हरितगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. रोज सकाळी झारीनं पाणी घालायचं, आणि काय उगवतं ते मला लिहायचं. उपटायचं नाही. पुन्हा लिहिते, उपटायचं नाही. ‘नीट’ करायचं नाही.

बाईंकडून मी मेअखेरपर्यंतची मुदत मागून घेतलीय.

आणि एक बोलते, मग हवं तर पत्र फाडा. गव्हाच्या चार ओळी जास्त निघाव्यात म्हणून तुम्ही हा बांध मोडताय, हे मला तुमच्याबद्दल पटत नाहीये. बाबा असते तर तुमची हिंमत झाली नसती.

कुसळी


६ एप्रिल

कुसळे,

पत्र फाडलं नाही. घडी करून ठेवलं, परत उघडलं, परत ठेवलं.

आधी ट्रेचं सांगतो, म्हणजे काकू म्हणायला नको की मुलीचं काम राहिलं. उभा जन्म ज्यांची मुळं खणून काढली त्यांना मी झारीनं पाणी घालतोय. निंदणी करता करता माझी पाठ वाकली, आता ही माझी निंदा व्हायची पाळी. परवा सोसायटीचा अध्यक्ष आला, मी झारी पाठीमागे लपवली आणि धोतरभर पाणी सांडून घेतलं. त्यानं काही विचारलं नाही, पण कुठेतरी बोलला असणारच.

शेताच्या ट्रेमध्ये हरळीचं एक टोक आणि लव्हाळ्याची दोन-तीन पाती आलीत. बास. सुरुवातीला माझी छाती फुगली, काकूला दाखवलं की बघ, याला म्हणतात शेत. कालव्याच्या ट्रेमध्ये घोळ आलीय, जाड पानाची, आणि एक पाणगवत. पण बांधाच्या ट्रेमध्ये बाजार भरलाय गं. एकाचं पान गोल, एकाचं झालरीचं, एक लाल देठाचं, एक केसाळ, एक कसलातरी वेल आहे तो ट्रे सोडून खांबाकडे निघालाय. पानाला पान लागत नाही एकाचं. तू नावं विचारशील, तर आम्हाला नावं माहीत नाहीत. आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव होतं, ‘उपट’.

ते बघून परत शेताच्या ट्रेकडे बघितलं, तर छाती काही फुगेना. दोन्ही ट्रेना पाणी सारखंच घालतो, ऊनही तेच. ही माती एवढी गप्प का, असं वाटत राहिलं. काकूला बोललो नाही.

आता चार ओळींचं. तुझा बाप असता तर माझी हिंमत झाली नसती, बरोबर लिहिलंस. पण तुझा बाप असता तर बांध मोडायची गरजच नव्हती.

तो बांध आम्ही घातलेला नाही, आमच्या आज्याच्या आधीपासून तो तिथे आहे. आमच्या वडिलांनी वाटणी केली तेव्हा सोपं पडेल म्हणून त्यावरूनच रेघ धरली, अलीकडचं मला, पलीकडचं त्याला. भांडण नव्हतं काही. तो पलीकडे काम करायचा, मी अलीकडे. दिवसभर आम्ही बोलायचोही नाही फारसं, मधूनच तो ओरडायचा, “दादा, पाणी आहे का?” आणि मी ओरडायचो, “संपलं.” आणि तो यायचाच, आणि पाणी असायचंच.

आता रोज सकाळी शेतावर गेलो की आधी पलीकडे बघतो. सवय आहे, काय करू? पलीकडे गहू असतो, माणूस नसतो. कापणीच्या यंत्राचं तुला सांगितलं ते खोटं नाही, पण ते लोकांना सांगायला. कुसळे, तुझा बाप गेला. आता मी वाटणी कुणाशी धरून बसू? बांध नसला तर ‘पलीकडे’ असं काही राहणार नाही, एवढंच मला हवंय.

सही पाठव.

काका

ता. क. काकू. हे काय लिहितायत ते मला वाचून दाखवत नाहीयेत, तेव्हा काहीतरी खरं लिहीत असणार. ट्रेचं मात्र खोटं लिहिलं असेल तर सांगते: पाणी घालायला मला हात लावू देत नाहीत. दुपारी ऊन आलं की तिन्ही ट्रे सावलीत, उतरलं की परत जागेवर. काल चिमणीवर ओरडले, कोंब टोचला म्हणून.


१८ एप्रिल

काका,

पत्र स्टाफरूममध्ये उघडलं, ती चूक झाली. पुढचा तास दुसऱ्या बाईंनी घेतला.

चार ओळींचे शब्द मी मागे घेते. मला वाटलं होतं की बाबा गेल्यानंतर तुम्ही इतक्या पटकन कामाला लागलात म्हणजे तुम्हाला जमलं. तुम्हाला काही जमलेलं नाही. मलाही नाही. मी चौकट टाकून गुडघ्यावर बसते तेव्हा अजून वाटतं की मागून बाबा म्हणतील, “काय हरवलंय गं?”

आता नीट वाचा. (हा शब्द तुमच्याबाबतीत जपून वापरतेय.)

तुमच्या कागदावर सही करणार नाही. तो कोराच परत जोडलाय. तुमचं दुःख कळलं म्हणून सही करीन असं वाटलं असेल, तर तुम्हीच मला कुसळी नाव ठेवलंय. तुम्ही लिहिलंत की वाटणीची रेघ आजोबांनी बांधावरून धरली, सोपं पडेल म्हणून. म्हणजे वाटणी आहे कागदावर आणि बांध आहे मातीत. तुम्हाला मोडायचीय ती वाटणी. मग वाटणी मोडा ना, बांधानं काय घोडं मारलंय?

सोबत दुसरा कागद पाठवतेय. वकिलांकडून लिहून घेतलाय. त्यात बाबांचं शेत आणि तुमचं शेत एक करायचंय, मालक तुम्ही आणि मी, दोघं मिळून सगळ्याचे. अलीकडचं तुमचं आणि पलीकडचं माझं असं काही राहत नाही. त्यावर मी सही केलीय. सहीच्या आधी दोन दिवस विचार केला, म्हणजे भावनेच्या भरात केली असं म्हणू नका. यंत्राचं म्हणाल तर बांधाला विहिरीपाशी जिथे गाडीवाट आहे तिथे तेवढी जागा मोकळी करा, यंत्र तिथून जाईल. बाकीच्या बांधाला हात लावू नका. उपटलेल्यांची मुळं खाली आहेत, पाणी मिळालं की फुटतील.

ट्रेमधल्या बाजाराचं बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या काकांना नोंदी ठेवायला लाव, माणूस बघणारा आहे.” पण बाईंचं मत काही असो, बांध राहिला तरच अभ्यास, नाहीतर ट्रेमधली माती किती दिवस पुरणार?

आता निर्णय तुमचा. माझी बाजू मी सोडणार नाही, पण यंत्रापुढे आडवी पडायला मी येणार नाही. तुम्ही माझ्या बाबांचे दादा आहात. तुम्हाला अडवणं मला जमणार नाही, फक्त पटवणं जमेल.

कुसळी


२४ मे

काका,

महिना उलटून गेला, उत्तर नाही. काकू फोनवर म्हणते, “त्यांचं त्यांनाच लिहू दे,” आणि मग काहीतरी निवडायला बसल्याचं निमित्त करून फोन ठेवते. काकूला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती फोन ठेवते हे मला माहीत आहे.

गहू निघाला असणार. यंत्र येऊन गेलं असणार. बांध गेला असेल तर तसं लिहा. मी रडेन, पण तुमच्यावर रुसणार नाही, आणि बाईंना सांगून कालव्याचे काठ मोजायला घेईन. खोऱ्यात जिथे म्हणून एखादा कोपरा नांगराशिवाय राहिलाय तिथे जाऊन चौकट टाकीन. दुसरा विषय घेणार नाही. तुम्ही फक्त गप्प बसू नका. बाबांसारखे गप्प तुम्ही बसू नका.

कुसळी


२ जून

कुसळे,

गप्प बसलो नव्हतो. कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होतो. सगळं झाल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण अर्धवट लिहिलं असतं तर तू धावत आली असतीस.

गहू निघाल्यावर यंत्रवाला आला. तुझा कागद माझ्या खिशात, माझा कागदही खिशात. त्याला म्हटलं, थांब, आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. चकोट केलेला बांध पुन्हा फुटलाय गं. चुना मारलेल्या दगडाच्या फटीतनं एक निळं फूल वर आलंय, चवलीच्या नाण्याएवढं. ट्रेमध्ये जी जी पानं बघितली ती सगळी तिथे ओळखीची निघाली, नाव नाही पण तोंडओळख. एवढ्या वर्षांत मी त्या बांधावरून किती वेळा गेलो असेन, खाली बघितलं ते फक्त उपटायला.

यंत्रवाल्याला म्हटलं, विहिरीपाशी गाडीवाट रुंद कर आणि जा. तो म्हणाला, “एवढ्यासाठी बोलावलंत?” म्हटलं, हो, एवढ्यासाठीच. तो निघाल्यावर माझा कागद फाडला.

तुझ्या कागदावर सही करायच्या आधी मात्र तो पुन्हा पुन्हा वाचला. एवढ्यासाठी की तू तुझ्या बापाचं सगळं माझ्या हाती दिलंस आणि अट म्हणून काय घातलीस, तर तण. वकील म्हणाला, असा व्यवहार मी पहिल्यांदाच बघतोय.

मग मोजणीदार आला. टेप लावून झाली, आणि तो नकाशा मांडीवर घेऊन डोकं खाजवत बसला. म्हणाला, “शेत एक झालं, मालक तेच, मग मधला हा बांध कुणाकुणातला लिहू? बांधाला दोन धनी लागतात, अलीकडचा एक, पलीकडचा एक.” मी म्हटलं, अलीकडे आम्हीच, पलीकडेही आम्हीच, मधला तणांचा. तो म्हणाला, “तणाच्या नावावर जमीन होत नाही हो. पडीक पट्टी लिहितो.” तेव्हा मात्र मी तणतणलो. म्हटलं, पडीक कुणाला म्हणतोस? तुझ्या पायाखाली बघ जरा, एवढी भरगच्च जागा माझ्या सगळ्या शेतात नाही. त्यानं पाय उचलला आणि बाजूला ठेवला. नकाशात काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

त्यानंतर रोजच्यासारखा एका सकाळी गेलो. सवयीनं पलीकडे बघितलं. पलीकडे कापलेलं शेत, माणूस नाही. वाटलं, बांध ठेवून चूक केली का? तसाच चढलो आणि बांधावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत मी बांधावर बसलोच नव्हतो. बसायचा तो. मी पाणी घेऊन खाली उभा असायचो, कामाची घाई असायची मला. त्याच्या जागेवरून बघितलं तर पलीकडे असं काही दिसेना गं. दोन्हीकडे शेतच. तो इतकी वर्षं तिथे बसून हेच बघत होता.

तुझी चौकट घेऊन ये. बाईंनाही आण. मी काही नीट केलेलं नाही.

बसल्या बसल्या रडलो. काकूला सांगू नकोस.

तुझा काका

ता. क. मला सांगायची गरज नाही. मी मागेच उभी होते, पाणी घेऊन. — काकू